पॉलीहाऊसमधील ताणतारा

पॉलीहाऊसच्या छताखाली ताणून बांधलेल्या, सावलीचा सरकता पडदा पेलणाऱ्या पॉलिस्टरच्या एकपदरी दोऱ्या. काही तारा पडद्याखाली आधाराला असतात, काही वरून, म्हणजे वाऱ्याने पडदा उचलला जाऊ नये म्हणून. बोलण्यात ‘तार’ म्हटले तरी त्यात धातू नसतो. पुणे जिल्ह्यात मावळात, विशेषतः तळेगाव दाभाडे परिसरातल्या गुलाबाच्या पॉलीहाऊसमुळे हे काम परिचयाचे झाले.

पोलादाच्या तुलनेत पॉलिस्टरचे वजन जवळजवळ सहावा हिस्सा भरते. फॉगरच्या (पाण्याचे धुके सोडणाऱ्या नळ्यांच्या) दमट हवेत ते गंजत नाही, त्यामुळे गंजाच्या खरबरीत कडांवर पडदा विरण्याची भीती नसते. नायलॉन मात्र इथे घेऊ नये. ते हवेतला ओलावा शोषते आणि सैल पडते.

ताण किती द्यायचा हे झोळावर, म्हणजे तार मध्ये किती खाली लोंबते त्यावर ठरते. मीटरमागे 50 ग्रॅम भार, दोन आधारांत 8 मीटर अंतर आणि मध्ये 2 सेंटिमीटर झोळ धरला तर तारेत सुमारे 20 किलोचा ताण येतो. झोळ 1 सेंटिमीटरवर आणायचा हट्ट धरला की तोच ताण 40 किलो होतो. अशा 50 तारा असतील तर टोकाच्या पाइपावर 1 टनाची ओढ 2 टनांवर जाते. डोळ्याला सरळ रेषा दिसावी म्हणून तारा कचकचून ओढणाऱ्यांनी हा हिशेब एकदा तरी कागदावर मांडावा. वाकलेला पाइप पुन्हा सरळ होत नाही.

खरी कसोटी टोकाची. एकपदरी तार गुळगुळीत असल्याने गाठ सरकते, आणि सरकली नाही तरी गाठीपाशी तारेची ताकद निम्म्याच्या आसपास उतरू शकते. म्हणून टोक फेरूलमध्ये, म्हणजे धातूच्या छोट्या नळीत, दाबतात. तार फेरूलमधून ओवायची, थिंबलभोवती (फासाच्या आत बसणाऱ्या खोबणीच्या कडीभोवती) वळवून त्याच फेरूलमधून परत आणायची आणि क्रिंपिंगच्या पकडीने दाबायची. फेरूल तारेच्या जाडीचेच हवे आणि पकडीचा खाचा फेरूलच्या मापाचा. साध्या पकडीने चेपलेले फेरूल एका बाजूला सैल राहते, दुसऱ्या बाजूला तार कापते. दाब मधल्या भागावर द्यायचा. दोन्ही तोंडे एक-दोन मिलिमीटर न दाबता थोडी उमललेली सोडायची, कारण धारदार कडेवरच तार तुटते. शेपूट फेरूलच्या बाहेर थोडे राहू द्यावे, अगदी कडेशी छाटू नये.

फेरूल ॲल्युमिनियमचे घ्यावे. तांब्याचे फेरूल जस्ताच्या मुलाम्याच्या पाइपाला टेकून राहिले तर ओलाव्यात पाइपाचे जस्त झिजते. हे सामान पुण्यात घ्यायचे तर रविवार पेठेतली बोहरी आळी आहेच, पण जाताना तारेचा तुकडा खिशात असावा. तोंडी सांगितलेल्या मापावर आणलेले फेरूल हमखास चुकते.

एक टोक पक्के करून दुसऱ्या टोकाला टर्नबकल, म्हणजे फिरवून ताण कमी-जास्त करायचा आट्यांचा जोड, लावतात. कायम ताणाखाली पॉलिस्टर थोडे लांबते, सर्वांत जास्त पहिल्या काही दिवसांत. त्यामुळे पहिल्याच दिवशी पूर्ण ताण न देता आठवड्या-दोन आठवड्यांनी पुन्हा आवळतात. आवळताना प्रत्येक फेरूलजवळ तारेवर पेनाने खूण करून ठेवली, तर पुढच्या फेरीत कुठले सरकले ते लगेच कळते. सरकलेले फेरूल पुन्हा दाबून चालत नाही. ते कापून, तारेचा दबलेला भाग टाकून, नवे बसवावे लागते. त्यासाठी तार लावतानाच टोकाला वीतभर जास्तीची राखतात.