टाकीच्या तळाला भोक कुठे पडतं?

'गंज चढायला हवा आणि पाणी लागतं. मग टाकीखाली जिथे हवाच पोहोचत नाही, तिथला पत्रा खराब का होतो?' तेलाच्या मोठ्या टाकीचा तळ बदलायला काढला की हा प्रश्न हमखास निघतो. वरून धडधाकट दिसणारा पत्रा उलटा केला की खालून खड्डेच खड्डे! प्रश्न अगदी रास्त आहे, आणि त्याचं उत्तर फार सुंदर आहे.

ब्रिटिश शास्त्रज्ञ यूलिक इव्हान्स यांनी स्वच्छ पोलादावर मिठाच्या पाण्याचा एक थेंब ठेवला. थेंबाच्या कडेला हवा सहज मिळते, मध्यभागी कमी. पण लोखंड झिजलं ते मध्यभागी! कारण गंजणं ही एक क्रिया नाही, दोन आहेत. एके ठिकाणी लोखंडाचे अणू इलेक्ट्रॉन मागे ठेवून पाण्यात उतरतात, ते धनाग्र. ते इलेक्ट्रॉन धातूतून वाहत जातात आणि जिथे ऑक्सिजन भरपूर आहे तिथे तो त्यांना गिळतो, ते ऋणाग्र. म्हणजे ऑक्सिजन खर्च होतो एकीकडे आणि लोखंड जातं दुसरीकडे.

आता टाकीखाली पाहा. साधारण ६ मिलिमीटर जाडीचा तळ वाळूच्या थरावर टेकलेला असतो. त्या वाळूत चिकणमातीचं एक ढेकूळ राहिलं, की तो झाला थेंबाचा मध्य आणि भोवतालची मोकळी वाळू झाली कड. मोठं ऋणाग्र, इवलंसं धनाग्र, त्यामुळे सगळी झीज एकाच जागी. १ मिलिअँपिअर प्रवाह वर्षभरात सुमारे ९ ग्रॅम लोखंड विरघळवतो. तेवढं लोखंड एकाच जागचं गेलं, तर या पत्र्यात दीड सेंटीमीटर व्यासाचं आरपार भोक पडेल.

तळ बदलताना अनेकदा जुना तळ तसाच ठेवतात. त्याच्या थोडं वर टाकीच्या भिंतीला खाच कापतात, जुन्या तळावर वाळू पसरतात, खाचेतून नव्या प्लेटा आत सरकवून वेल्डिंग करतात. मग जोडांवर साबणाचं पाणी लावून वर निर्वात पेटी, म्हणजे आतली हवा खेचून घेतलेली पेटी, ठेवतात. बुडबुडा आला, तर जोड गळका.

पण मधली वाळू ओलसर झाली आणि दोन्ही तळ धातूने जोडलेले असले, की नवं, चकचकीत पोलाद जुन्या, गंजलेल्या पोलादापुढे धनाग्र बनतं. नवा तळ जुन्यापेक्षा लवकर जातो! म्हणून दोन्हींच्या मध्ये प्लास्टिकचं जाड अस्तर घालतात.

दुसरा उपाय म्हणजे बाहेरून उलटा प्रवाह देऊन तळालाच ऋणाग्र करणं. त्याला प्रवाह वाहून नेणारी ओलसर वाट सलग लागते. उघड्या हवेतल्या लोखंडावर एक इलेक्ट्रॉनिक डबी बसवली की गंज थांबतो, अशा जाहिराती म्हणूनच फसव्या. टाकीखालच्या ओल्या वाळूत ही वाट असते. मात्र जुन्या टाकीभोवती पुरलेल्या इलेक्ट्रोडचा, म्हणजे जमिनीत प्रवाह सोडणाऱ्या वाहकांचा, प्रवाह नव्या तळापर्यंत पोहोचत नाही, कारण जुना पोलादी तळच त्याला मध्ये अडवतो. नव्या तळासाठी वेगळे इलेक्ट्रोड दोन तळांमधल्या वाळूतच, प्लेटा सरकवण्याआधी अंथरावे लागतात.