‘स्टोरेज फुल’ : सहा हजारांच्या फोनची पूर्वपीठिका

आमच्या आत्याचा फोन महिन्यातून एकदा माझ्याकडे येतो. “बघ रे, परत भरला हा.” मग मी गुलाबाची फुलं, उगवते सूर्य, वाफाळता चहा आणि ‘शुभ सकाळ’ असं हजार-दीड हजार फोटोंचं गाठोडं पुसून टाकतो. विठोबाचे फोटो पुसायचे असतील तर आधी तिला विचारावं लागतं. पुढचे चार दिवस फोन ठीक चालतो, मग पुन्हा हँग. दुकानदाराचं उत्तर ठरलेलं: “काकू, बजेट फोन आहे, एवढंच चालायचं.” त्याचं खोटं नाही, पण सहा-सात हजारांचा फोन नेमका जागेपायीच का अडतो, हे त्यातून कळत नाही. त्यासाठी थोडं मागं जावं लागतं.

स्मार्टफोनच्या आधी आपल्याकडे ‘चायना मोबाईल’ होता. मोठा आवाज, दोन सिम, टीव्हीसारखी अँटेना आणि दीड-दोन हजारांत सगळं. त्याचं इंजिन बहुतेक वेळा तैवानच्या मीडियाटेक कंपनीचं असे. मीडियाटेक नुसती चिप विकत नव्हती. फोनचा आराखडा आणि त्यावर चालणारं सॉफ्टवेअरही सोबत देत होती. त्यामुळे चीनमधल्या शेन्झेनच्या कुठल्याही छोट्या कारखान्याला काही महिन्यांत फोन बाजारात आणता येई. यातल्या कित्येक फोनांना आयएमईआय क्रमांकच, म्हणजे प्रत्येक फोनची स्वतंत्र ओळख सांगणारा आकडाच, नसे. २६/११ नंतर सुरक्षेचा प्रश्न ऐरणीवर आला आणि १ डिसेंबर २००९ पासून असे फोन नेटवर्कवरून बंद झाले. त्याआधीचे काही आठवडे मोबाईलच्या दुकानांत १९९ रुपयांत फोनमध्ये आयएमईआय ‘टाकून’ मिळत होता. त्यासाठीही रांगा लागल्या होत्या!

फोन बंद झाले, पण ते बनवण्याची पद्धत राहिली. मायक्रोमॅक्स, कार्बन, लावा, इंटेक्स, स्पाइस या भारतीय कंपन्यांनी तीच साखळी अधिकृतपणे वापरली. फोन चीनमध्ये तयार व्हायचा, नाव आणि हमी इथली. अँड्रॉइड या गुगलच्या फोन-प्रणालीवर चालणारा पहिला फोन जगात आला २००८ मध्ये. २०१० मध्ये मायक्रोमॅक्सचा अँड्रॉइड फोन भारतात सात हजारांच्या आत मिळत होता.

पण ‘स्टोरेज फुल’ घराघरांत नेलं ते २०११ च्या सॅमसंग गॅलेक्सी वाय या फोननं. कॉलेजातल्या एका अख्ख्या पिढीचा हा पहिला स्मार्टफोन. तीन इंची पडदा, अँड्रॉइड २.३, तीनशे एमबीहून कमी रॅम (चालू कामापुरती मेमरी) आणि ॲपसाठी आतली जागा दोनशे एमबीसुद्धा नाही. आज एकटं व्हॉट्सॲपसुद्धा त्यात मावणार नाही. मेमरी कार्ड टाकायची सोय होती, आणि दुकानदार तेच सांगून फोन विकायचा: “बत्तीस जीबीपर्यंत वाढवता येतं.” वाढायची ती गाण्यांची आणि फोटोंची जागा. ॲप आतच बसायची. अँड्रॉइड २.२ पासून काही ॲप कार्डावर हलवता येत, तरी त्यांचा काही भाग आत राहायचाच आणि गुगलची स्वतःची ॲप तर हलायचीच नाहीत.

खरी मेख अपडेटमध्ये होती. फोनसोबत आलेलं ॲप सिस्टिमच्या बंद कप्प्यात असतं, तिथं वापरणाऱ्याचा हात पोचत नाही. ते अपडेट झालं की जुनी प्रत तिथंच राहते आणि नवी प्रत तुमच्या जागेत येऊन बसते. म्हणजे एकाच ॲपचं भाडं दोनदा. २०१२ मध्ये गुगलनं ‘प्ले सर्व्हिसेस’ हे ॲपना पडद्याआडून लागणारं सॉफ्टवेअर आणलं. ते न विचारता स्वतःहून अपडेट होतं आणि दर वेळी थोडं फुगतं. त्यामुळे मालकानं नवं काहीही न घेता फोन भरू लागला. कार्डावर दोन जीबी मोकळे, आणि फोन सांगतोय जागा नाही! हे ज्याला समजावून सांगावं लागलं असेल, त्यालाच त्यातला वैताग कळेल.

त्या काळात मराठीची वेगळीच परवड होती. अँड्रॉइडच्या त्या आवृत्त्यांवर देवनागरीच्या जागी अनेकदा नुसते चौकोन दिसत, नाहीतर वेलांटी एकीकडे आणि अक्षर दुसरीकडे. त्यावर तोड म्हणजे ऑपेरा मिनी ब्राउझर. त्याच्या एका आडबाजूच्या सेटिंगमध्ये जाऊन ‘बिटमॅप’ चालू केलं की सर्व्हर मजकुराचं चित्र करून पाठवी आणि फोनमध्ये फाँट नसतानाही मराठी बातम्या वाचता येत. ही युक्ती वहीत लिहून ठेवणारे लोक मी पाहिलेत.

२०१२ च्या अखेरीस मायक्रोमॅक्सचा कॅनव्हास २ आला. पाच इंची पडदा ९,९९९ रुपयांत, रॅम मात्र ५१२ एमबी. म्हणजे दिसतं ते मोठं केलं आणि दिसत नाही तिथं काटकसर केली. मला विचाराल तर स्वस्त फोनचा सगळा इतिहास या एका वाक्यात बसतो. मे २०१४ मध्ये मोटोरोलाचा मोटो ई आला, ६,९९९ रुपयांना. खोक्यावर ४ जीबी, हाती येत जेमतेम सव्वादोन. त्यातच अँड्रॉइड ४.४ नं बाहेरच्या ॲपना कार्डावर मनमानी लिहायला मनाई केली. कारण सुरक्षेचं होतं आणि बरोबरही होतं, पण ज्यांच्या फोनमध्ये कार्ड हाच एकमेव आधार होता त्यांची पंचाईत झाली.

त्याच वर्षी सप्टेंबरात शाओमीनं रेडमी १एस ५,९९९ रुपयांना फक्त ऑनलाइन विकायला काढला. पहिले ४०,००० फोन साडेचार सेकंदांच्या आत संपले. वितरक, दुकानदार, फलक यांचा खर्च वाचल्यामुळे त्या किमतीत ८ जीबी जागा देणं परवडलं. दोन आठवड्यांनी, १५ सप्टेंबरला, गुगलनं सुंदर पिचई यांच्या हस्ते दिल्लीत ‘अँड्रॉइड वन’ आणलं. तीन भारतीय कंपन्या, किंमत ६,३९९ पासून, अपडेट थेट गुगलकडून. कल्पना चांगली होती. पण जागा पुन्हा ४ जीबी आणि विक्री आधी ऑनलाइन, म्हणून दुकानदार नाराज. मोहीम फारशी चालली नाही.

मग ५ सप्टेंबर २०१६ ला जिओ आलं. याबद्दल बोलताना सगळे डेटाच्या दराबद्दल बोलतात. फोनच्या आत काय झालं ते राहून जातं. तोवर साधारण अडीचशे रुपयांत महिन्याला एक जीबी नेट मिळायचं, त्यामुळे लोक व्हिडिओ जपून उघडत. वर्षभरात तेवढा डेटा रोजचा झाला. हातातल्या फोनमध्ये जागा मात्र चार, आठ, फार तर सोळा जीबी. नळाला धोधो पाणी आलं आणि घरात घागर एकच, अशी गत. त्यात व्हॉट्सॲप आलेला प्रत्येक फोटो आपणहून उतरवून फोनमध्ये ठेवायचं. भाऊबंदांचे गट, सोसायटीचे गट, दहावीच्या बॅचचे गट, आणि प्रत्येकाकडून रोजचं शुभ सकाळ. डिसेंबर २०१७ मध्ये गुगलनं ‘फाइल्स गो’ नावाचं साफसफाईचं ॲप आणलं. त्यात अशी शुभेच्छाचित्रं हुडकून पुसण्याची सोयही आली. आत्याच्या फोनचा प्रश्न कॅलिफोर्नियात पोचला होता तर!

एक जीबी किंवा त्याहून कमी रॅमच्या फोनांसाठी गुगलनं अँड्रॉइडची ‘गो’ आवृत्तीही काढली. तिचे पहिले फोन २०१८ मध्ये आले. हलकी ॲप, कमी जागा. पण ॲप हलकं असणं म्हणजे काहीतरी कमी असणं, हे लोकांना लगेच कळतं. यूट्यूब गो २०२२ मध्ये बंद झालं. अँड्रॉइड १३ च्या गो आवृत्तीला किमान २ जीबी रॅम आणि १६ जीबी जागा लागू लागली. हलकेपणाची व्याख्याच जड झाली.

बऱ्यापैकी चालणाऱ्या फोनची किंमत मात्र सहा-सात हजारांखाली फारशी उतरली नाही. २०१६ मध्ये २५१ रुपयांच्या फोनची घोषणा झाली, नोंदणीच्या पहिल्याच दिवशी संकेतस्थळ कोलमडलं आणि पुढे प्रकरण पोलिसांपर्यंत गेलं. तो अपवाद सोडा. अतिस्वस्त म्हणून गाजवलेला जिओफोन नेक्स्ट २०२१ च्या दिवाळीत आला तो ६,४९९ ला. पडदा, बॅटरी, चिप आणि मेमरी यांची किंमत एका मर्यादेखाली जात नाही, त्यात १ एप्रिल २०२० पासून मोबाईलवरचा जीएसटी १२ वरून १८ टक्के झाला. मग कंपनी कमावणार कुठून? शाओमीनं २०१८ मध्ये जाहीरच केलं की हार्डवेअरवर पाच टक्क्यांहून जास्त निव्वळ नफा घेणार नाही. या धंद्यात उरलेली कमाई जाहिराती आणि आधीच भरून दिलेल्या ॲपमधून येते. ती ॲपही तुमच्याच जागेत राहतात.

एरवी हा घरगुती वैताग म्हणून सोडून देता आला असता. पण याच काळात सरकारी कामं फोनमध्ये शिरली. ऑगस्ट २०२१ मध्ये राज्यभरच्या अंगणवाडी सेविकांनी कामासाठी मिळालेले फोन शासनाला परत केले. दोन जीबी रॅमचे, तापणारे, सतत अडकणारे फोन. त्यांवर केंद्राचं पोषण ट्रॅकर हे अंगणवाडीच्या नोंदींचं ॲप नीट चालेना, आणि दुरुस्तीचा खर्च पदरचा. त्याच १५ ऑगस्टपासून राज्यात ई-पीक पाहणी सुरू झाली. बांधावर उभं राहून पिकाचा फोटो ॲपमध्ये चढवायचा, म्हणजे सातबाऱ्यावर पीक लागतं. फोटो काढताना ‘जागा नाही’ आलं, तर आधी नातवाचे व्हिडिओ पुसायचे की बारशाचे, हा निर्णय तिथंच बांधावर.

गेल्या दिवाळीत आत्याला नवा फोन घेतला, सात हजारांचाच. खोक्यावर ठसठशीत ‘८ जीबी रॅम’. खालची बारीक अक्षरं वाचल्यावर कळलं की चार खरी आणि चार ‘व्हर्च्युअल’, म्हणजे साठवणीतली जागा उसनी घेऊन रॅम म्हणून दाखवलेली. सेटिंगमध्ये जाऊन ती पहिल्याच संध्याकाळी बंद केली. चार जीबी परत मिळाले, आणि जुन्या फोनमधले विठोबाचे सगळे फोटो तिथं हलवले.