दाता-विशिष्ट प्रतिपिंडांची चाचणी

अवयव प्रत्यारोपणाच्या रुग्णाच्या रक्तात दात्याच्या ऊतींवर हल्ला करणारी प्रतिपिंडे (अँटीबॉडी) आहेत का, हे शोधणारी प्रयोगशाळेतील तपासणी. ती प्रत्यारोपणाआधी करतात आणि नंतरही. रक्तगट जुळला म्हणजे सारे जुळले, असा समज सर्रास आढळतो. प्रत्यक्षात पेशींवरील एचएलए प्रतिजनांविरुद्धची (आपले-परके ओळखायला शरीराला मदत करणाऱ्या प्रथिनांविरुद्धची) प्रतिपिंडे तितकाच घात करू शकतात.

ही प्रतिपिंडे शरीरात तयार होण्याची मुख्य कारणे तीन: रक्त चढवणे, आधीचे प्रत्यारोपण आणि गर्भधारणा. गर्भाचे निम्मे एचएलए पित्याकडून आलेले असतात आणि आईच्या शरीराला ते परके वाटू शकतात. त्यामुळे पती पत्नीला मूत्रपिंड द्यायला तयार असला, तरी तिच्या रक्तात नेमकी त्याच्याविरुद्धची प्रतिपिंडे सापडण्याची शक्यता असते. गर्भपात झाला असेल तर तोही डॉक्टरांना सांगायला हवा. संकोचाने ही माहिती दडवली, तर अहवालाचा अर्थ लावणे अवघड होते.

पॉल तेरासाकी यांनी 1964 मध्ये लसिकापेशींवरील (एक प्रकारच्या पांढऱ्या रक्तपेशींवरील) सूक्ष्म चाचणी विकसित केली. दात्याच्या पेशी, रुग्णाचे रक्तद्रव आणि पूरक प्रथिने (प्रतिपिंड चिकटलेल्या पेशी मारणारी रक्तातील प्रथिने) एकत्र केल्यावर पेशी मेल्या, तर क्रॉसमॅच, म्हणजे ही जुळणीची चाचणी, पॉझिटिव्ह. 1969 मध्ये त्यांनी आणि पटेल यांनी मांडलेले आकडे आजही अंगावर येतात. क्रॉसमॅच पॉझिटिव्ह असलेल्या 30 प्रत्यारोपणांपैकी 24 मूत्रपिंडे तत्काळ निकामी झाली. निगेटिव्ह असलेल्या 195 पैकी फक्त 8. त्यानंतर प्रत्यारोपणाआधीची क्रॉसमॅच ही नित्याची गोष्ट झाली. पुढे आलेली फ्लो सायटोमेट्री, म्हणजे लेझरने एकेक पेशी तपासण्याची पद्धत, पेशी मरण्याची वाट पाहत नाही. पेशीला चिकटलेले प्रतिपिंडच ती हेरते, म्हणून ती अधिक संवेदनशील आहे.

आता एकेक एचएलए प्रतिजन चढवलेले सूक्ष्म मणी वापरतात. रक्तद्रवातील प्रतिपिंड ज्या मण्याला चिकटते तो लेझरखाली चमकतो आणि त्या चमकेचा आकडा, म्हणजे एमएफआय, अहवालात येतो. त्याची दात्याच्या एचएलएशी तुलना करून प्रत्यक्ष पेशी न मिसळताच निष्कर्ष काढता येतो. यालाच व्हर्च्युअल क्रॉसमॅच म्हणतात.

मात्र एमएफआय म्हणजे प्रतिपिंडांचे मोजमाप नव्हे. प्रतिपिंडे फार जास्त असली, तर पूरक प्रथिनांच्या अडथळ्यामुळे आकडा उलट कमी दिसू शकतो. रक्तद्रव पातळ करून किंवा पूरक प्रथिनांना रोखणारे ईडीटीए हे रसायन घालून चाचणी पुन्हा केली की खरे चित्र समोर येते. मण्यावर चढवताना प्रतिजनाचा आकार बिघडला, तर निरुपद्रवी प्रतिपिंडही चिकटते. रिटुक्सिमॅबसारख्या, बी-पेशींना (एक प्रकारच्या लसिकापेशींना) चिकटणाऱ्या औषधामुळे त्या पेशींची क्रॉसमॅच खोटी पॉझिटिव्ह येऊ शकते. किती एमएफआयला घाबरायचे, याची सर्वमान्य सीमारेषा नाही. एकट्या आकड्यावरून रुग्णाला प्रत्यारोपण नाकारणे अन्यायाचे ठरू शकते.

प्रत्यारोपणानंतर नव्याने उद्भवणारी प्रतिपिंडे अनेकदा डीक्यू (एचएलएचा एक प्रकार) प्रतिजनांविरुद्ध असतात आणि प्रतिकारशक्ती दाबणारी औषधे चुकवणे हे त्यामागचे एक प्रमुख कारण आहे. क्रिएटिनिन (मूत्रपिंडाचे काम मंदावल्यावर रक्तात साचणारा घटक) वाढण्यापूर्वीही ती रक्तात दिसू शकतात. अवयवाला इजा झाली आहे का, हे बायोप्सीतून कळते. तिथे सी4डीचे, म्हणजे पूरक प्रथिनाच्या तुकड्याचे, ठसे शोधले जातात.

प्रतीक्षायादीतील रुग्णांचे नमुने ठरावीक काळाने घेऊन गोठवून ठेवतात. प्रतिपिंडे कालांतराने ओसरली, तरी स्मृतिपेशी उरतात आणि ओळखीचा प्रतिजन दिसताच पुन्हा कामाला लागतात. म्हणून दाता मिळाल्यावर ताज्या रक्तद्रवाबरोबर जुने, सर्वाधिक प्रतिपिंडे असलेले रक्तद्रवही तपासले जाते.