फोस्टर कुत्र्याला घेऊन गाडीने युरोप फिरायचंय? आधी पासपोर्टचं मालकाचं पान बघा

युरोपात राहून प्राण्यांच्या एखाद्या संस्थेचा कुत्रा फोस्टर म्हणून, म्हणजे त्याला कायमचं घर मिळेपर्यंत, सांभाळत असाल आणि सुट्टीत त्याला गाडीत घेऊन दोन-चार देश फिरायचा बेत असेल, तर ही माहिती तुमच्यासाठी आहे. कातडीखाली बसवलेली ओळख-चिप, रेबीजची लस आणि कुत्र्याचा निळा युरोपीय पासपोर्ट लागतो हे बहुतेकांना ठाऊक असतं. अडतं ते वेगळ्याच ठिकाणी: पासपोर्टवर मालक म्हणून कोणाचं नाव आहे, लस चिपच्या आधी टोचली की नंतर, आणि जंताच्या औषधाचे तास कधीपासून मोजायचे. यातल्या एकेका गोष्टीपायी लोकांचे ठरलेले बेत मोडताना पाहिलेत. नियम अवघड नाहीत, पण ते फोस्टर घर डोळ्यांसमोर ठेवून कोणी लिहिलेलेच नाहीत, आणि त्याचा ताप निष्कारण माणसांना आणि मुक्या जनावरांना होतो.

कुत्रा कागदावर कोणाचा?

सुरुवात इथूनच करा. यातच सगळ्यात जास्त वेळ जातो.

युरोपीय संघात पाळीव प्राण्याला सोबत नेण्याच्या सवलती फक्त बिगर-व्यापारी प्रवासाला मिळतात. बिगर-व्यापारी म्हणजे ज्या प्रवासामागे विक्री किंवा मालकी बदलण्याचा हेतू नाही असा. 22 एप्रिल 2026 च्या आधी लागू असलेल्या, 2013 च्या 576 क्रमांकाच्या नियमात मालकाची व्याख्या अगदी कोरडी होती: ओळखपत्रावर, म्हणजे पासपोर्टवर, मालक म्हणून ज्या व्यक्तीचं नाव आहे ती. नियमाला इथे हाडामांसाचा माणूस अपेक्षित आहे, संस्था नव्हे. प्रत्यक्षात फोस्टर कुत्र्याच्या पासपोर्टवर बहुधा संस्थेचं नाव असतं, नाहीतर संस्थेच्या एखाद्या कार्यकर्त्याचं. काही वेळा तर रोमेनियातल्या किंवा स्पेनमधल्या अशा कोणाचं तरी नाव असतं, ज्याला तुम्ही कधी भेटलेलाही नसता.

यावर लोक म्हणतात, "मग संस्थेकडून अधिकारपत्र घेऊ की!" अधिकारपत्र घ्यायचंच आहे, पण तेवढ्याने काम भागत नाही. मालकाच्या लेखी परवानगीने दुसऱ्या व्यक्तीला प्राणी नेता येतो हे खरं, मात्र त्याला एक अट आहे जी फारसं कोणी वाचत नाही: मालकाने स्वतःही तो प्रवास केला पाहिजे, आणि प्राण्याचा प्रवास मालकाच्या प्रवासाच्या आधी किंवा नंतर पाच दिवसांच्या आत झाला पाहिजे. मालक विमानाने पुढे गेला आणि कुत्रा मित्राच्या गाडीतून मागून आला, अशा प्रसंगासाठी केलेली ही सोय आहे. संस्थेची अध्यक्ष लाइपझिगमध्ये आपल्या ऑफिसात आणि तुम्ही कुत्र्यासह तीन आठवडे इटलीत, हे त्यात बसत नाही. 22 एप्रिल 2026 पासून हा विषय युरोपीय प्राणी-आरोग्य कायद्याखाली गेला, तरी पाच दिवसांची अट त्या कायद्यातही आहे.

सरळ मार्ग एकच: संस्थेच्या संमतीने पासपोर्टच्या पहिल्या विभागात पुढचा मालक म्हणून तुमचं नाव, पत्ता लिहून घ्यायचा आणि तिथे सही करायची. त्या विभागात एकापेक्षा जास्त मालकांसाठी जागा असते, त्यामुळे त्यासाठी नवा पासपोर्ट काढावा लागत नाही. संस्थांना इथे भीती वाटते की उद्या फोस्टरने कुत्रा परत दिलाच नाही तर? ही भीती रास्त आहे आणि तिला उत्तरही आहे. फोस्टर करारात स्पष्ट कलम टाका: पासपोर्टवरची नोंद प्रवासापुरती आहे, कुत्र्याची मालकी संस्थेकडेच राहते, अमुक तारखेपर्यंत कुत्रा परत आणला जाईल. करारावर दोघांच्या सह्या आणि चिपचा पूर्ण क्रमांक हवा. चिपचा क्रमांक नसलेला करार कुठल्याही कुत्र्याला लागू होतो, म्हणजे कुठल्याच नाही.

संस्था नावाच्या नोंदीला तयार नसेल तर वाद घालू नका. कुत्र्यासाठी कष्ट घेणारी माणसं आहेत ती. अशा वेळी देशांतर्गत फिरा, नाहीतर त्या काळापुरता कुत्रा दुसऱ्या फोस्टर घरी ठेवा.

एक गोष्ट मात्र कळकळीने सांगायची आहे. "तुम्ही ऑस्ट्रियात जाताच आहात, तर कुत्रा तिथल्या दत्तक घेणाऱ्या कुटुंबाकडे पोचवाल का?" असं संस्थेने विचारलं, तर त्या क्षणी तुमची सहल सहल राहत नाही. मालकी बदलण्यासाठी केलेला प्रवास व्यापारी धरला जातो, मग पैसे घेतले असोत वा नसोत. त्यासाठी ट्रेसेस या युरोपीय ऑनलाइन प्रणालीतून सरकारी पशुवैद्याचं आरोग्य प्रमाणपत्र लागतं, आणि निघण्याआधीच्या 48 तासांत कुत्र्याची तपासणी व्हावी लागते. हे संस्थेचं काम आहे. संस्था म्हणाली की कोणी विचारत नाही, तर नम्रपणे नाही म्हणा. पकडलं गेल्यावर कुत्रा विलगीकरणात जातो, आणि आधीच घाबरलेल्या जनावराला ते फार जड जातं.

याच ओघात, तुमचा कुत्रा परदेशातून आलेला असेल तर तो आला त्या वेळचे ट्रेसेसचे कागद संस्थेकडून मागून घ्या. जर्मनीत 2014 पासून परदेशातून कुत्रे आणून देणाऱ्या संस्थांना प्राणीसंरक्षण कायद्याच्या कलम 11 खाली परवाना लागतो. नीट चालणारी संस्था हे कागद त्याच दिवशी पाठवते.

चिप आधी, लस नंतर

चिप 15 अंकी, आयएसओ मानकाची हवी. रेबीजची लस चिप बसवल्यानंतर किंवा त्याच दिवशी, पण चिप वाचून झाल्यावर दिलेली हवी. चिपची तारीख लसीच्या नंतरची असेल तर ती लस प्रवासापुरती नसल्यातच जमा. पुन्हा टोचायची आणि पुन्हा थांबायचं.

पहिल्या लसीनंतर किमान 21 दिवस जावे लागतात. लस टोचल्याचा दिवस मोजायचा नाही: 1 मे ला लस दिली तर 22 मे च्या आधी सीमा ओलांडता येत नाही. पिल्लाला 12 आठवडे पूर्ण झाल्याशिवाय ही लस चालत नाही, म्हणून 15 आठवड्यांपेक्षा लहान पिल्लू घेऊन प्रवासाचा विचारच नको. फोस्टरकडे आलेल्या पिल्लांचं वय पुष्कळदा अंदाजे लिहिलेलं असतं. व्हेटने दात पाहून वेगळं वय सांगितलं तर पासपोर्टवरच्या तारखेवर विसंबू नका.

बूस्टरच्या बाबतीत एका दिवसाने घात होतो. आधीच्या लसीची मुदत संपण्यापूर्वी बूस्टर दिला तर थांबावं लागत नाही. मुदत काल संपली आणि आज टोचलं, तर कायद्याच्या दृष्टीने ती पहिली लस, पुन्हा 21 दिवस. म्हणून पासपोर्टच्या पाचव्या विभागात 'कधीपर्यंत वैध' हा रकाना आज उघडून बघा, आणि सहलीच्या परतीच्या तारखेशी ताडून बघा. लोक जाण्याची तारीख बघतात आणि लस तिकडे असतानाच संपते.

पासपोर्ट अधिकृत व्हेटच देतो. चिपच्या पानावर आणि लसीच्या स्टिकरवर पारदर्शक चिकटपट्टी असली पाहिजे. खाडाखोड, पांढरी शाई, व्हेटचा शिक्का नसलेली नोंद दिसली तर प्रवासाच्या आदल्या आठवड्यात धावपळ करण्यापेक्षा आत्ताच दुरुस्त करून घ्या.

जंताचं औषध: 24 ते 120 तास

फिनलंड, आयर्लंड, माल्टा, नॉर्वे आणि उत्तर आयर्लंड इथे कुत्रा नेताना एकायनोकॉकस या फीतकृमीवरचं औषध दिलेलं असावं लागतं, प्रवेशाच्या किमान 24 आणि जास्तीत जास्त 120 तास आधी. ब्रिटनमध्ये जातानाही हेच. औषध व्हेटने स्वतः द्यायचं आणि सातव्या विभागात औषधाचं नाव, तारीख, वेळ लिहून सही-शिक्का करायचा. घरी दिलेली गोळी चालत नाही, पाकीट जपून ठेवलं असलं तरी.

तास मोजायचे ते त्या देशात पोचण्याच्या वेळेपर्यंत. सोमवारी सकाळी 10 ला औषध दिलं तर मंगळवारी सकाळी 10 ते शनिवारी सकाळी 10 या दरम्यान पोचलं पाहिजे. फ्रान्समधल्या शेरबूरहून आयर्लंडला जाणारी फेरी रात्रभर चालते, ते तास यात धरा. रस्त्यात कुठे मुक्काम वाढला तर वेळ उलटून जातो, म्हणून घरून निघताना औषध घेण्यापेक्षा वाटेतल्या शेवटच्या मोठ्या गावात व्हेटची वेळ आधीच ठरवून ठेवा. नॉर्वेसाठी हॅम्बुर्ग किंवा डेन्मार्कमध्ये, फिनलंडला फेरीने जायचं तर टालिनमध्ये. स्वीडनमध्ये शिरताना हे औषध लागत नाही, पण कुत्रा आणल्याची नोंद तिथल्या कस्टम्सकडे करावी लागते, आणि स्वीडनहून नॉर्वेत शिरायचं तर औषध लागतंच.

भारतीय पासपोर्टवर असलेल्यांनी इथे स्वतःकडेही बघावं. जर्मनी किंवा नेदरलँड्सच्या रेसिडेन्स परमिटवर शेंगेनमध्ये फिरता येतं. आयर्लंड आणि ब्रिटन त्यात नाहीत. कुत्र्याचे कागद पूर्ण आणि माणसाचा व्हिसा नाही, असं होऊ देऊ नका.

जात माहीत नसलेला कुत्रा आणि डेन्मार्क

हा मुद्दा फोस्टरवाल्यांसाठी फार महत्त्वाचा आहे, कारण आपल्या कुत्र्याचे आईबाप कोण हे सहसा कोणालाच माहीत नसतं.

डेन्मार्कमध्ये 13 जातींवर आणि त्यांच्या संकरावर बंदी आहे. पिटबुल टेरियर आणि तोसा 1991 पासून, बाकीच्या 2010 पासून. यादीत अमेरिकन स्टॅफर्डशायर टेरियर आहे, तसेच कांगाल, शारप्लानिनात्स, तोर्न्याक, कॉकेशियन ओव्हचारका हे राखणीचे कुत्रेही आहेत. बाल्कन आणि तुर्कस्तानातून सुटका होऊन आलेल्या मोठ्या कुत्र्यांत याच रक्ताची शक्यता असते. संशय आला तर कुत्रा त्या जातीचा नाही हे सिद्ध करण्याची जबाबदारी तुमच्यावर येते. पासपोर्टवर व्हेटने सहज म्हणून 'कांगाल मिश्र' लिहिलेलं असेल तर तो शब्दच तुमच्या विरोधात जातो. असा कुत्रा असेल तर डेन्मार्कचा रस्ता सोडा. जर्मनीतल्या कील किंवा ट्रावेमुंडेहून थेट स्वीडनला फेरी जाते.

फ्रान्समध्ये पिटबुलसारख्या दिसणाऱ्या, वंशावळीचे कागद नसलेल्या कुत्र्यांना प्रवेश नाही. जर्मनीत चार जातींवर आयातबंदी आहे, थोड्या दिवसांच्या पर्यटकांना सूट आहे, पण राज्याराज्यांचे नियम वेगळे. इटलीत दोरी दीड मीटरपेक्षा लांब नको आणि मुसकं जवळ बाळगावं लागतं. मुसक्याची सवय घरीच, खाऊ देत देत लावा. प्रवासात पहिल्यांदा घातलं तर घाबरलेला कुत्रा आणखी घाबरतो.

संघाबाहेर पाऊल टाकायचं असेल तर

स्वित्झर्लंड आणि नॉर्वेला युरोपीय पासपोर्ट चालतो. सर्बिया, अल्बानिया, तुर्कस्तान इथून परत संघात येताना मात्र रेबीज टायटर टेस्ट लागते. भारतातून स्वतःचा कुत्रा नेलेल्यांना ही टेस्ट चांगली परिचयाची असेल, कारण भारतालाही तीच लागू आहे. रक्तात 0.5 आययू प्रति मिलिलिटर किंवा जास्त प्रतिपिंडं हवीत आणि रक्त लसीनंतर किमान 30 दिवसांनी, मान्यताप्राप्त प्रयोगशाळेसाठी घेतलेलं हवं. संघ सोडण्याआधीच टेस्ट करून निकाल पासपोर्टच्या सहाव्या विभागात नोंदवला, तर परतताना तीन महिन्यांची प्रतीक्षा माफ होते. आधी केली नाही, तर कुत्रा तिकडेच अडकतो.

हंगेरीहून ग्रीसला जाताना नकाशा सर्बियातून रस्ता दाखवतो. रोमेनिया-बल्गेरियामार्गे गेलात तर सगळा प्रवास संघातच होतो, आणि 1 जानेवारी 2025 पासून हे दोन्ही देश रस्त्याने जाणाऱ्यांसाठीही पूर्ण शेंगेनमध्ये आहेत. इटलीतल्या अँकोना किंवा बारीहून ग्रीसची फेरी हाही चांगला पर्याय.

गाडीत काय ठेवायचं

मूळ पासपोर्ट, फोस्टर करार, संस्थेचं अधिकारपत्र जर्मन किंवा स्थानिक भाषेबरोबर इंग्रजीतही, संस्थेचा चोवीस तास उचलला जाणारा फोन नंबर, आणि कुत्र्याने कोणाचं नुकसान केलं तर भरपाई देणाऱ्या विम्याचा कागद. संस्थेचा विमा परदेशात लागू आहे का हे लेखी विचारा, तोंडी होकारावर जाऊ नका. मोठ्या उपचाराचा निर्णय कोण घेणार आणि खर्च कोण देणार, हेही अधिकारपत्रात असू द्या. अपघात झाल्यावर परक्या गावातला व्हेट पैशांची हमी विचारतो आणि संस्थेचा फोन लागत नाही, तेव्हा हे एक वाक्य कुत्र्याचा जीव वाचवू शकतं.

चिपची नोंद टासोसारख्या (ही जर्मनीतली पाळीव प्राण्यांची नोंदणी) नोंदणीत असेलच. तिथे संस्थेबरोबर तुमचा चालू मोबाइल नंबर घालून घ्या. नवख्या जागी घाबरून पळालेला फोस्टर कुत्रा हाकेला परत येईलच असं नाही.

या सगळ्याला लागणारा वेळ: लस चालू असेल आणि संस्था राजी असेल तर तीन-चार आठवडे. टायटर टेस्ट किंवा नवी लस असेल तर दोन-तीन महिने. फेरीचं आणि हॉटेलचं बुकिंग पासपोर्टवर नाव चढल्यानंतरच करा. परत आल्यावर कुत्र्याला कायमचं घर मिळालं, की पासपोर्टवर आणि चिपच्या नोंदणीत नव्या मालकाचं नाव लागल्याची खात्री करून घ्या, आणि मग तुमच्याकडचा प्रवासाचा करार संस्थेकडून लेखी रद्द करून घ्या.