पिवळ्या रेषेचं नाव, हिरव्या रेषेचं गाव

आवर्तसारणीतला सर्वात उजवीकडचा रकाना मोठ्यानं वाचून बघा. निऑन, आर्गॉन, क्रिप्टॉन, झेनॉन, रेडॉन आणि अलीकडे भर पडलेलं ओगानेसन. सगळ्यांच्या नावांचा शेवट एकसारखा. फक्त डोक्यावर बसलेलं हेलियम तेवढं वेगळ्या घराण्यातलं वाटतं. सोडियम, कॅल्शियम, मॅग्नेशियम यांच्या पंगतीत शोभेल असं त्याचं नाव आहे, आणि ही सगळी नावं धातूंची. हेलियम मात्र वायू आहे, आणि वायूही असा की सहजासहजी कुणाशी संयोग पावत नाही. मग त्याला धातूचं नाव कसं चिकटलं?

कारण ज्यांनी ते नाव ठेवलं, त्यांनी हा पदार्थ डोळ्यांनी पाहिलेलाच नव्हता. त्यांना दिसली होती ती सूर्याच्या प्रकाशातली एक पिवळी रेषा.

भाताच्या पातेल्यातलं मिठाचं पाणी उतू जाऊन गॅसवर सांडलं की निळी ज्योत क्षणभर पिवळीजर्द होते. ती करामत मिठातल्या सोडियमची. कोणतंही मूलद्रव्य वायुरूपात पुरेसं तापलं की ठरावीक रंगांचाच प्रकाश देतं. तो प्रकाश लोलकातून नेला की त्या रंगांच्या बारीक रेषांचा पट्टा, म्हणजे वर्णपट, दिसतो आणि एका मूलद्रव्याच्या रेषा दुसऱ्याशी तंतोतंत जुळत नाहीत. हायडेलबर्गला बुन्सेन आणि किरखॉफ यांनी १८६० च्या सुमारास या गोष्टीचं शास्त्र बनवलं आणि रसायनशास्त्रज्ञांच्या हाती एक विलक्षण हत्यार आलं. पदार्थ शुद्ध स्वरूपात वेगळा करण्याआधीच त्याचं अस्तित्व कळू लागलं. १८६० मध्ये सीझियम सापडलं, १८६१ मध्ये रुबिडियम आणि थॅलियम, १८६३ मध्ये इंडियम. सगळे धातू, आणि सगळ्यांची नावं वर्णपटातल्या रेषेच्या रंगावरून. सीझियम आकाशी निळ्यावरून, रुबिडियम गडद लालावरून, थॅलियम कोवळ्या हिरव्या फांदीवरून. इंडियम निळीच्या रंगावरून, आणि लॅटिनमध्ये निळीचं नावच मुळी ‘हिंदुस्थानातली’ अशा अर्थाचं होतं. जर्मनीतल्या फ्रायबर्गच्या जस्ताच्या खनिजात सापडलेल्या धातूला अशा आडवाटेनं आपल्या देशाचं नाव लागलं.

हे सगळं ताजं असतानाच १८ ऑगस्ट १८६८ चं खग्रास सूर्यग्रहण आलं. ग्रहणाचा पट्टा हिंदुस्थानातून पश्चिमेकडून पूर्वेकडे जाणार होता आणि खग्रास स्थिती चांगली पाच-सहा मिनिटं टिकणार होती. पटवर्धनांच्या जमखंडी संस्थानात लेफ्टनंट जॉन हर्शेल दुर्बीण लावून बसले होते, विजापूरला कॅप्टन हेग, गुंटूरला मेजर टेनंट आणि फ्रान्सहून आलेले जॅन्सन, तर मच्छलीपट्टणला मद्रास वेधशाळेचे पॉगसन. सूर्य झाकला गेला की त्याच्या कडेवर लालसर ज्वाळा उसळलेल्या दिसतात. त्या कशाच्या, हे या वेळी प्रथमच वर्णपटावरून तपासलं जाणार होतं.

जमखंडीला ढगांनी छळलं, तरी हर्शेलना मधल्या फटीतून रेषा दिसल्या. त्यातल्या नारिंगी-पिवळ्या रेषेवर त्यांनी ओळखीचीच चिठ्ठी लावली: सोडियम. पिवळ्या भागात सोडियमच्या दोन ठसठशीत रेषा असतात, ५८९.० आणि ५८९.६ नॅनोमीटर तरंगलांबीला. ग्रहणाच्या धांदलीत बघणाऱ्याला ही रेषा तीच वाटावी हे अगदी स्वाभाविक होतं. पॉगसन यांची नोंद जरा सावध होती, सोडियमच्या जागी किंवा तिच्या आसपास, अशी. माझ्या मते त्या दिवशीची सर्वात मोलाची नोंद तीच. घाईत ओळख पटवून मोकळं न होता ‘आसपास’ एवढंच लिहून ठेवायला संयम लागतो.

जॅन्सन यांच्या डोक्यात दुसरंच चक्र सुरू झालं होतं. या रेषा इतक्या तेजस्वी आहेत तर ग्रहण नसतानाही दिसायला हव्यात, असा त्यांचा होरा होता. दुसऱ्या दिवशी सूर्य उगवल्यावर त्यांनी त्या पाहिल्याही. तिकडे लंडनमध्ये नॉर्मन लॉकियर हे युद्धखात्यातले कारकून फावल्या वेळात याच कल्पनेमागे लागले होते. त्यांचं उपकरण बनून यायलाच ऑक्टोबर उजाडला. २० ऑक्टोबरला त्यांनी ग्रहणाशिवाय त्या ज्वाळांच्या रेषा पाहिल्या. दोघांनी पाठवलेली वार्ता पॅरिसच्या विज्ञान अकादमीपुढे एकाच दिवशी आली. पुढे फ्रेंच सरकारनं दोघांच्या मुद्रा असलेलं पदक काढलं.

ते पदक होतं ग्रहणाशिवाय ज्वाळा पाहण्याच्या युक्तीबद्दल. त्याच्याशी हेलियमचा काही संबंध नव्हता. पण काळाच्या ओघात दोन मुद्रा, एक पदक आणि १८६८ हे साल यांची सांगड लोकांनी हेलियमशी घातली आणि जॅन्सन ‘हेलियमचे शोधक’ म्हणून पाठ्यपुस्तकांत जाऊन बसले. त्यांच्या खऱ्या कामाचा मान या आयत्या बिरुदापेक्षा कमी नाही, म्हणून ही चूक मला जास्त टोचते.

पिवळ्या रेषेचा पिच्छा पुरवला तो लॉकियर यांनी. ती सोडियमच्या जोडीशी जुळत नाही, किंचित हिरव्याच्या बाजूला ५८७.६ नॅनोमीटरच्या आसपास आहे, हे त्यांनी पक्कं केलं. रसायनशास्त्रज्ञ एडवर्ड फ्रँकलंड यांच्यासोबत त्यांनी प्रयोगशाळेत ती रेषा हायड्रोजनमधून मिळते का तेही पाहिलं. मिळाली नाही. तेव्हा हा नवा पदार्थ असावा असं ठरलं आणि ग्रीक भाषेतल्या सूर्यावरून त्याला हेलियम म्हटलं गेलं. शेपूट धातूचं लागलं, कारण वर्णपटातून सापडलेली अलीकडची सगळी मूलद्रव्यं धातू होती आणि सूर्याच्या वर्णपटात तोवर ओळखलेली बहुतेक मूलद्रव्यंही धातूच होती, लोखंड, कॅल्शियम, मॅग्नेशियम वगैरे. फ्रँकलंड यांचा स्वतःचाच या नव्या मूलद्रव्यावर फारसा विश्वास नव्हता. नाव जाहीरपणे उच्चारलं गेलं ते १८७१ मध्ये, एडिंबराच्या ब्रिटिश असोसिएशनच्या अधिवेशनात, विल्यम थॉमसन म्हणजे पुढचे लॉर्ड केल्विन यांच्या अध्यक्षीय भाषणात.

त्यानंतर जवळजवळ पाव शतक हे नाव नुसतं हवेत राहिलं. पृथ्वीवर हेलियम कुणाला मिळेना.

खरं तर एकाला मिळालं होतं. अमेरिकी भूगर्भ सर्वेक्षण विभागातले विल्यम हिलब्रँड यांनी १८९० च्या सुमारास युरेनियमचं खनिज आम्लात विरघळवलं तेव्हा त्यातून एक वायू बाहेर पडला. कुणाशी संयोग पावेना, म्हणून त्यांनी त्याला नायट्रोजन ठरवलं. वर्णपटात काही अनोळखी रेषा दिसत होत्या, पण परिस्थिती बदलली की रेषाही थोड्या बदलतात, असं म्हणून त्या बाजूला पडल्या. एकदा बाटलीवर ‘नायट्रोजन’ लिहिलं गेलं की आत डोकावायचं कारणच उरत नाही.

१८९५ मध्ये लंडनच्या विल्यम रॅमसे यांना नुकत्याच सापडलेल्या आर्गॉनचा दुसरा साठा हवा होता. हिलब्रँडच्या वायूबद्दल त्यांना कळलं आणि त्यांनी क्लेव्हाइट नावाचं युरेनियमचं खनिज आम्लात उकळलं. निघालेला वायू नळीत भरून वीज सोडली, तर भलत्याच जागी झगझगीत पिवळी रेषा. रॅमसे यांनी त्याला मनाशी नावही देऊन टाकलं: क्रिप्टॉन, म्हणजे लपलेला. तपासणीसाठी एक नळी विल्यम क्रूक्स यांच्याकडे गेली आणि त्यांची तार आली: तुमचं क्रिप्टॉन म्हणजे हेलियम, ५८७.४९, येऊन बघा. सूर्यावरची रेषा आणि नळीतली रेषा एकच निघाली. रिकामं झालेलं ‘क्रिप्टॉन’ हे नाव तीन वर्षांनी रॅमसे यांनी हवेतून मिळालेल्या दुसऱ्याच वायूला दिलं. हिलब्रँड यांनी मोठ्या मनानं पत्र लिहून आपली हुकलेली संधी मान्य केली.

वायू हाती आला, तो धातू नाही हे उघड झालं, पण नाव बदललं नाही. तोवर ते रुळलं होतं. प्राणवायूचंही तसंच. लावोझिए यांनी ऑक्सिजनला ‘आम्ल उत्पन्न करणारा’ असं नाव दिलं, कारण प्रत्येक आम्लात तो असतोच अशी त्यांची समजूत होती. हायड्रोक्लोरिक आम्लात ऑक्सिजन नसतो हे डेव्ही यांनी १८१० मध्ये दाखवलं, तरी नाव टिकलंच. आज नवीन मूलद्रव्याला नाव देण्याचे आंतरराष्ट्रीय नियम आहेत. पौराणिक संकल्पना, खनिज, स्थळ, गुणधर्म किंवा शास्त्रज्ञ यांवरूनच नाव घेता येतं, ते पाच महिने लोकांच्या हरकतींसाठी खुलं ठेवतात आणि शेवटचं अक्षरही रकान्यानुसार ठरतं. २०१६ मध्ये ओगानेसनचं बारसं असंच झालं.

आता कोकणात येऊ. विजयदुर्ग किल्ल्यात दगडी चौथरे आहेत, त्यांना ‘साहेबाचे ओटे’ म्हणतात. लॉकियर यांनी १८६८ चं ग्रहण इथूनच पाहिलं आणि हेलियमचा शोध इथंच लागला, अशी समजूत आपल्याकडे पक्की बसली आहे. १८ ऑगस्टला किल्ल्यावर हेलियम दिनही साजरा होतो. पण १८६८ मध्ये लॉकियर हिंदुस्थानात आलेच नव्हते. ग्रहणाच्या वेळी ते इंग्लंडमध्ये होते आणि त्यांचं उपकरणही तयार व्हायचं होतं.

लॉकियर विजयदुर्गला आले ते तीस वर्षांनी, २२ जानेवारी १८९८ च्या खग्रास ग्रहणाला. ही मोहीम बारकाईनं नोंदलेली आहे. ‘मेलपोमीनी’ या ब्रिटिश युद्धनौकेच्या नौसैनिकांनी किल्ल्यात दुर्बिणी उभ्या करण्यापासून वेळ पुकारण्यापर्यंत सगळी कामं वाटून घेतली. लोलक बसवलेले कॅमेरे रोखून ठेवले होते आणि खग्रास स्थिती होती फक्त दोन मिनिटांच्या आसपास. त्याच दिवशी सोलापूरकडच्या जेऊरला पुण्याच्या महाराजा तख्तसिंहजी वेधशाळेचे कावसजी दादाभाई नायगमवाला आपलं पथक घेऊन बसले होते आणि तिथंच कॅलिफोर्नियाच्या लिक वेधशाळेचे कॅम्पबेलही आले होते. ग्रहणाच्या निमित्तानं एका दिवसापुरतं का होईना, जेऊर जगाच्या खगोलशास्त्राच्या नकाशावर होतं. नायगमवाला यांचं नाव आपल्याकडे किती जणांना माहीत आहे?

या ग्रहणातून जे हाती आलं ते हेलियमइतकंच रंगतदार आहे, फक्त त्याची रेषा पिवळी नव्हे, हिरवी. १८६९ च्या ग्रहणात अमेरिकेत हार्कनेस आणि यंग यांना सूर्याभोवतीच्या प्रभामंडळात, करोनात, एक हिरवी रेषा दिसली होती. मोजमापात तिची जागा लोखंडाच्या एका रेषेवर पडत होती. पण एवढ्या उंचीवर, इतर कशाचा पत्ता नसताना लोखंडाचीच एक रेषा का असावी, हे कोडं सुटेना. मग तिलाही नाव मिळालं: कोरोनियम. हेलियमच्या साच्यातलंच. १८९८ मध्ये विजयदुर्ग आणि जेऊर इथं घेतलेल्या वर्णपटाच्या छायाचित्रांवरून ध्यानात आलं की तीस वर्षं तिची जागाच चुकीची धरली जात होती. ती ५३१.७ वर नसून ५३०.३ नॅनोमीटरवर आहे. म्हणजे लोखंडाच्या त्या रेषेशी तिचा काही संबंध नाही. कोरोनियमला आणखीच बळ आलं. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला आवर्तसारणीचे जनक मेंडेलीव्ह यांनी तर त्याला हायड्रोजनहून हलकं मूलद्रव्य म्हणून आपल्या मांडणीत जागा दिली.

पण कोरोनियम नळीत कधीच आलं नाही. तेजोमेघांमधल्या, म्हणजे अवकाशातल्या वायूच्या चमकत्या ढगांमधल्या, हिरव्या रेषांवरून कल्पिलेलं ‘नेब्युलियम’ही तसंच. १९२० मध्ये मेघनाद साहा यांनी तापमान आणि दाबानुसार अणूंतले इलेक्ट्रॉन कसे निघून जातात याचं गणित मांडलं आणि ताऱ्यांच्या वर्णपटांकडे पाहण्याची दृष्टी बदलली. १९२७ मध्ये बोवेन यांनी दाखवलं की नेब्युलियम म्हणजे दोन इलेक्ट्रॉन गमावलेला आपला नेहमीचा ऑक्सिजन, अतिविरळ अवस्थेतला. कोरोनियमचा उलगडा १९३९ नंतरच्या काही वर्षांत ग्रोट्रियन आणि एडलेन यांनी केला. ती रेषा निघाली लोखंडाचीच! अणूतल्या २६ इलेक्ट्रॉनपैकी १३ हिरावले गेलेल्या लोखंडाची. पहिल्या मोजमापात जागा चुकली होती आणि तरी मूलद्रव्य बरोबर निघालं, असा योगायोग विज्ञानात क्वचितच पाहायला मिळतो. एवढे इलेक्ट्रॉन उडायला तापमान दहा लाख अंशांच्या वर लागतं. सूर्याचा पृष्ठभाग साडेपाच हजार अंशांचा, आणि त्याच्या बाहेरचं विरळ आवरण त्याच्या शेकडो पट तप्त, हे एका पुसल्या गेलेल्या नावामुळे कळलं.

म्हणून विजयदुर्गला ‘हेलियमचं जन्मस्थान’ म्हणणं मला पटत नाही. त्या बिरुदाखाली किल्ल्याचं स्वतःचं काम झाकलं जातं. त्या चौथऱ्यांशेजारी १८९८ हे साल, ५३०.३ हा आकडा आणि जेऊरच्या नायगमवालांचं नाव लिहिलेली पाटी असायला हवी.

करोना एवढा तापतो कसा, याचं पूर्ण उत्तर अजून मिळालेलं नाही. त्याच्याच शोधात भारताचं आदित्य-एल१ हे यान २ सप्टेंबर २०२३ रोजी निघालं आणि पृथ्वीपासून सुमारे १५ लाख किलोमीटरवर जाऊन स्थिरावलं. त्याच्यावर बेंगळुरूच्या भारतीय खगोलभौतिकी संस्थेनं घडवलेलं उपकरण आहे. ते सूर्याची तबकडी झाकून कृत्रिम ग्रहण घडवतं आणि करोनाच्या ठरावीक रेषा टिपतं. त्यातली एक ५३०.३ नॅनोमीटरची हिरवी रेषा आहे.