लाइट ट्रीटमेंटसाठी पुण्याला येताय? तिकीट काढण्याआधी हे वाचा

त्वचेच्या उपचारांसाठी बाहेरगावाहून पुण्यात येणाऱ्या रुग्णांच्या राहण्याची, ये-जा करण्याची आणि दवाखान्यातल्या वेळांची सोय आमची छोटी फर्म करते. आम्ही डॉक्टर नाही. निदान आणि उपचार त्वचारोगतज्ज्ञच ठरवतात. पण फोनवर आम्हाला सतत विचारलं जातं, "लाइट ट्रीटमेंट करायची आहे, किती दिवसांची खोली घेऊ?" ती लाइट ट्रीटमेंट नेमकी कोणती, हे कळल्याशिवाय याचं उत्तर देता येत नाही. आणि काही रुग्णांना आम्ही सरळ सांगतो की यासाठी पुण्याला येऊ नका. हे पत्रक मुख्यतः फोटोडायनॅमिक थेरपीबद्दल आहे, पण आधी बाकीच्या प्रकारांबद्दल थोडं.

कोणता प्रकाश, कशासाठी

कोड आणि सोरायसिससाठी बहुतेक वेळा नॅरोबँड यूव्हीबी देतात. उभ्या कपाटासारख्या यंत्रात चारी बाजूंनी दिवे असतात आणि रुग्ण त्यात थोडा वेळ उभा राहतो. हे अतिनील किरण ३११ नॅनोमीटरच्या आसपासचे असतात. सुरुवातीला मात्रा अगदी कमी, मग हळूहळू वाढवत नेतात. आठवड्यातून दोन-तीन वेळा, आणि कोडासाठी तर कित्येक महिने. एवढ्या काळासाठी सांगली-सोलापूरहून पुण्यात खोली घेऊन राहणं म्हणजे पैशाची आणि नोकरीची नासाडी. निदान इथल्या तज्ज्ञांकडून करून घ्या हवं तर, पण सिटिंग घराजवळच घ्या. सरकारी वैद्यकीय महाविद्यालयांत त्वचारोग विभाग असतो. मिरज, सोलापूर, छत्रपती संभाजीनगर, ज्याला जे जवळ पडेल तिथे यंत्र चालू आहे का, आठवड्यातले कोणते वार असतात, हे आधी विचारा. विचारताना अडचण आली तर आम्ही फोन करून देतो, त्याचे पैसे घेत नाही.

लेसर हा वेगळा विषय. नको असलेले केस, गोंदण, काही जन्मखुणा यांसाठी तो वापरतात. त्याबद्दल इथे लिहीत नाही.

आता मुख्य विषय, फोटोडायनॅमिक थेरपी, म्हणजे पीडीटी. यात प्रकाशाआधी औषध लागतं. अमायनोलेव्हुलिनिक आम्ल किंवा त्याचाच मिथाइल प्रकार असलेलं क्रीम त्वचेवर लावतात. रक्तातलं हीम (हिमोग्लोबिनमधला लोह असलेला भाग) तयार होण्याच्या साखळीत हे आम्ल शरीरातही असतंच. बाहेरून जास्त मिळालं की बिघडलेल्या पेशींत प्रोटोपोर्फिरिन नावाचं द्रव्य साठतं. त्यावर साधारण ६३० नॅनोमीटरचा लाल प्रकाश पाडला की पेशीतल्या ऑक्सिजनचं अत्यंत क्रियाशील रूप तयार होतं आणि ती पेशी मरते. नुसत्या क्रीमने किंवा नुसत्या दिव्याने हे होत नाही. १९०० च्या सुमारास म्युनिकमध्ये ऑस्कर राब या विद्यार्थ्याला हीच गोष्ट सूक्ष्म जीवांवर दिसली होती : अंधारात निरुपद्रवी ठरलेला रंग उजेडात त्यांना मारत होता. त्वचेवर औषध लावून करायची पद्धत कॅनडातल्या केनेडी आणि सहकाऱ्यांनी १९९० मध्ये मांडली, आणि अमेरिकेत १९९९ मध्ये तिला पहिली मान्यता मिळाली.

पीडीटी कोणाला उपयोगी

ती मान्यता ॲक्टिनिक केराटोसिससाठी होती. उन्हाने वर्षानुवर्षं भाजलेल्या त्वचेवर खरखरीत चट्टे येतात आणि त्यांतल्या काहींचा पुढे कर्करोग होऊ शकतो. आपल्या सावळ्या त्वचेतलं मेलॅनिन यापासून बरंच रक्षण करतं, म्हणून युरोप-ऑस्ट्रेलियात रोज दिसणारा हा आजार आपल्याकडे कमी दिसतो. जन्मतः रंगद्रव्य नसलेल्या व्यक्तींना मात्र धोका खूप मोठा असतो. अशी व्यक्ती घरात असेल तर चेहऱ्यावरचा, कानावरचा किंवा हातावरचा बरा न होणारा एकही चट्टा अंगावर काढू नका.

याशिवाय बोवेन्स डिसीज (त्वचेच्या वरच्या थरापुरताच असलेला, अगदी सुरुवातीचा कर्करोग) आणि वरवरचा बेसल सेल कार्सिनोमा (त्वचेचा हळू वाढणारा कर्करोग) यांतही पीडीटी देतात. प्रकाश काही मिलिमीटरच आत पोचतो, त्यामुळे जाड किंवा खोल गेलेल्या गाठीला शस्त्रक्रियाच हवी. मेलॅनोमाला, म्हणजे रंगद्रव्याच्या पेशींतून होणाऱ्या घातक कर्करोगाला, पीडीटी चालत नाही. वरवरच्या गाठीतही शस्त्रक्रियेच्या तुलनेत ती परत उगवण्याचं प्रमाण पीडीटीत जास्त असतं. त्याच्या बदल्यात टाके नसतात, व्रण कमी दिसतो. नाकाच्या कडेला, डोळ्याजवळ गाठ असेल तर "ऑपरेशन नको, लाइटच द्या" असा हट्ट डॉक्टरांकडे धरू नका, ही आमची कळकळीची विनंती आहे.

मुरुमांसाठीही काही ठिकाणी पीडीटी करतात. मुरुमांतले जिवाणू प्रोटोपोर्फिरिनच्याच जातीची, प्रकाशाने जागी होणारी पोर्फिरिन द्रव्यं स्वतःच बनवतात आणि क्रीमचा परिणाम तेलग्रंथींवरही होतो. पण आपल्या त्वचेवर सूज उतरल्यावर काळपट डाग मागे राहू शकतात आणि ते जायला महिने लागतात. लग्न दोन महिन्यांवर आलंय म्हणून चेहऱ्यावर पीडीटी करायला निघालेल्या मुलामुलींना आम्ही बुकिंग देण्याआधी डॉक्टरांशी याच एका मुद्द्यावर बोलायला सांगतो. कोड पीडीटीने जात नाही. तसं सांगून कोणी आगाऊ पैसे मागत असेल तर देऊ नका.

त्या दिवशी काय होतं

सकाळी आधी खपली आणि खरखरीत थर हलक्या हाताने खरवडून काढतात. मग गाठीवर आणि भोवतीच्या थोड्या त्वचेवर क्रीमचा थर देऊन वर उजेड न जाणारी पट्टी लावतात. मिथाइल प्रकारचं क्रीम असेल तर यानंतर साधारण तीन तास थांबायचं. या वेळात नाश्ता करा, झोप काढा, पण पट्टी उचकटून बघू नका आणि उन्हात फिरायला जाऊ नका. तीन तासांनी पट्टी काढून अंधाऱ्या खोलीत वूड्स लॅम्पखाली (अतिनील प्रकाशाच्या तपासणीच्या दिव्याखाली) पाहिलं की औषध मुरलेला भाग लालसर गुलाबी चमकतो. डॉक्टर दाखवतील तर जरूर पाहा. गाठ नुसत्या डोळ्यांना दिसते त्यापेक्षा किती पसरली आहे ते तिथे कळतं.

मग डोळ्यांवर काळा चष्मा आणि लाल दिवा. आजच्या एलईडी दिव्यांखाली हे काम बहुधा दहा मिनिटांच्या आत होतं. दुखतं का? हो, दुखतं. सुया टोचल्यासारखं, भाजल्यासारखं, आणि पहिल्या काही मिनिटांतच जोर धरतं. कपाळ आणि टक्कल जास्त दुखतं. थंड हवेचा झोत, पाण्याचा फवारा, मध्ये थोडी विश्रांती यांनी ते निभतं. गरज पडली तर डॉक्टर भूल देतात. "काहीच होत नाही" असं सांगून घरच्यांनी आजीआजोबांना आणू नये. आधी माहीत असलं की माणूस ते सोसतो.

पुढचे दोन दिवस उजेड टाळायचा

परतीच्या प्रवासात सगळ्यात जास्त चुका इथे होतात. उरलेलं द्रव्य त्वचेत काही काळ राहतं आणि ते साध्या दृश्य प्रकाशानेही जागं होतं. म्हणून ४८ तास ऊन आणि झगझगीत दिवे टाळायचे. नेहमीचं सनस्क्रीन अतिनील किरण अडवतं, दृश्य प्रकाश नाही. गाडीची काचही तो अडवत नाही. तेव्हा एसटीच्या खिडकीशी बसून दुपारी साताऱ्याला जाणं आणि उघड्या रिक्षातून स्वारगेट गाठणं, दोन्ही चुकीचं. जाड सुती स्कार्फ, रुंद काठाची टोपी, छत्री, पूर्ण बाह्यांचा शर्ट सोबत आणा. चेहऱ्यावर उपचार असेल तर आम्ही दवाखान्यापासून खोलीपर्यंत बंद गाडी देतो आणि खोलीला जाड पडदे आहेत का हे स्वतः पाहून घेतो. शक्य असेल त्यांनी दोन रात्री इथेच राहावं. घाई असेल तर सूर्य मावळल्यावर निघा.

लाली आणि सूज काही दिवस राहते, खपली धरते आणि साधारण एक-दोन आठवड्यांत पडते. ती काढू नका. पू, ताप किंवा वाढत जाणारं दुखणं असेल तर लगेच डॉक्टरांना फोन करा.

किती दिवस काढून यायचं

कर्करोगाच्या गाठीसाठी सहसा एका आठवड्याच्या अंतराने दोन सिटिंग होतात. तीन महिन्यांनी तपासणी, आणि गाठ शिल्लक दिसली तर पुन्हा. म्हणजे एकतर नऊ-दहा दिवसांचा मुक्काम, नाहीतर दोन छोट्या फेऱ्या. जवळच्यांनी दोन फेऱ्या कराव्यात, स्वस्त पडतं. तीन महिन्यांची तपासणी चुकवणार असाल तर उपचार सुरूच करू नका. बायोप्सी (गाठीचा छोटा तुकडा काढून तपासणी) आधी आपल्या गावीच करून घ्या, कारण अहवाल यायला दिवस लागतात आणि तोवर इथे खोलीचं भाडं चढत राहतं.

परदेशातल्या मंडळींसाठी थोडक्यात. ब्रिटनमध्ये एनएचएसच्या काही रुग्णालयांत पीडीटी मिळते, आधी तिथेच विचारा. ओसीआय कार्ड (भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकांचं कार्ड) असेल तर व्हिसा लागत नाही. नुसता परदेशी पासपोर्ट असेल तर पर्यटक व्हिसावर येऊ नका, वैद्यकीय व्हिसा घ्या. सोबतच्या माणसाला वेगळा व्हिसा मिळतो. ठरवून केलेल्या उपचाराचा खर्च प्रवास विमा सहसा देत नाही.

फोन करण्याआधी हाताशी ठेवा

बायोप्सीचा अहवाल आणि चालू असलेल्या सगळ्या गोळ्यांची यादी. डॉक्सिसायक्लिनसारखी काही औषधं त्वचेला उजेडाचा त्रास वाढवतात. बावची असलेलं तेल किंवा लेप लावत असाल तर तेही सांगा, आयुर्वेदिक म्हणून लपवू नका. पोर्फिरिया (शरीरात पोर्फिरिन साठण्याचा आजार) असेल तर हा उपचार होत नाही. ल्युपस (रोगप्रतिकारशक्ती स्वतःच्याच शरीरावर उलटण्याचा आजार) असेल किंवा उन्हाने अंगावर पुरळ उठत असेल तर ते पहिल्याच फोनवर सांगा.

दवाखान्याला विचारायचं : कोणतं क्रीम, त्याची मुदत कधीपर्यंत, आणि ते कोण आणणार. मिथाइल प्रकारचं क्रीम फ्रिजमध्ये ठेवावं लागतं. ते स्वतः विकत घेऊन उन्हाळ्यात दिवसभर पिशवीतून आणू नका, दवाखान्यालाच मागवायला सांगा.

चट्ट्याचा फोटो पाठवायचा असेल तर खिडकीजवळ, सकाळच्या उजेडात, फ्लॅश बंद करून काढा. शेजारी एक रुपयाचं नाणं ठेवा, म्हणजे आकार कळेल. एक फोटो जवळून, एक हातभर अंतरावरून. फिल्टर नको. तो आम्ही फक्त तुम्ही निवडलेल्या डॉक्टरांकडे पाठवतो, आणि त्यांचं उत्तर आल्यावरच खोलीची तारीख धरतो.