पीएचडी, पण प्राध्यापकीसाठीच नव्हे

अमेरिकेत मानवशास्त्रात पीएचडी केली की पुढे प्राध्यापकी, हे १९७०च्या दशकापर्यंत गृहीतच धरलं जायचं. वर्गाबाहेरचं काम मात्र त्याआधीपासून चालू होतं. सोसायटी फॉर अप्लाइड अँथ्रॉपॉलॉजी, म्हणजे उपयोजित (प्रत्यक्ष प्रश्न सोडवायला वापरलेल्या) मानवशास्त्राची संघटना, १९४१ची. महायुद्धात कित्येक मानवशास्त्रज्ञ सरकारच्या दिमतीला होते. कॉर्नेल विद्यापीठाने तर १९५२मध्ये पेरूतली विकोसची जमीनदारी शेतकऱ्यांसकट भाड्याने घेऊन तिथे सुधारणांचा प्रयोग केला. दहा वर्षांनी ती जमीन तिथल्या क्वेचुआ या मूळनिवासी समाजातल्या कुटुंबांनी विकत घेतली. तरीही उपयोजित काम म्हटलं की विद्यापीठात नाकं मुरडली जात. परदेशांतल्या बंडाळ्यांच्या अभ्यासासाठी लष्कराने आखलेला ‘प्रोजेक्ट कॅमेलॉट’ १९६५मध्ये गदारोळामुळे गुंडाळावा लागला, त्याने संशय आणखी वाढला.

चित्र पालटलं ते, माझ्या मते, पोटापाण्यापायी. सत्तरच्या दशकात शिकवण्याच्या जागा आटल्या. त्याच सुमारास पर्यावरण कायद्यामुळे सरकारी प्रकल्पांच्या परिणामांचा आधी अभ्यास करणं बंधनकारक झालं आणि परदेशी मदतीच्या योजनांनाही समाज ओळखणारी माणसं लागू लागली. टँपातल्या साउथ फ्लोरिडा विद्यापीठाने १९७४मध्ये उपयोजित मानवशास्त्राचं एमए सुरू केलं, १९८४मध्ये पीएचडी. मधल्या काळात, १९८३मध्ये, विद्यापीठाबाहेर काम करणाऱ्यांची स्वतंत्र संघटनाही उभी राहिली.

खासगी कंपन्यांचं दार कसं उघडलं, हे ल्यूसी सचमन यांच्या कामात दिसतं. बर्कलेच्या या विद्यार्थिनीने झेरॉक्सच्या पालो आल्टोतल्या संशोधन केंद्रात लोक फोटोकॉपी मशीन कसं वापरतात याचं चित्रीकरण केलं. एका चित्रफितीत संगणकशास्त्रातले दोन मुरलेले संशोधक कागदाच्या दोन्ही बाजूंना प्रत काढताना पुरते गोंधळलेले दिसतात. मशीनच्या मनात एक, माणसांच्या मनात दुसरंच! कंपनीतलं हेच निरीक्षण १९८४च्या त्यांच्या पीएचडीचं क्षेत्रकार्य, म्हणजे माणसांमध्ये जाऊन केलेला अभ्यास, ठरलं.

पीएचडी आणि बाहेरचं काम यांची अशी सांगड सगळ्यांची बसत नाही. पीएचडीची जुनी घडण एकट्याने दीर्घ क्षेत्रकार्य करून जाडजूड प्रबंध लिहिण्याची. बाहेर गटात काम, ठरलेली मुदत आणि चार पानांचा अहवाल. शिवाय मार्गदर्शकाने स्वतः कधी विद्यापीठ सोडलेलं नसेल, तर तो शिकवणार काय? उपयोजित मानवशास्त्र शिकवणाऱ्या विभागांनी २०००मध्ये आपला संघ स्थापन केला.

खरा पेच मात्र मालकीचा. प्रबंध खुला, अहवाल पैसे देणाऱ्याचा. अमेरिकन मानवशास्त्र संघटनेच्या १९७१च्या तत्त्वांमध्ये गुप्त संशोधनाला साफ नकार होता. १९९०च्या दुरुस्तीत ती भाषा सौम्य झाली आणि त्यावरून वाद पेटला.